मासा आधी की पाच अक्षरं? 'इख्थुस' चिन्हाची उकल

शिलापट (धागाकर्ता)

गाडीच्या काचेवर किंवा गळ्यातल्या पदकात दोन कमानींचा मासा दिसला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. रोमन छळाच्या काळात अनोळखी माणूस भेटला की एकाने पायाने वाळूत एक कमान काढायची. समोरच्याने दुसरी कमान काढून मासा पुरा केला, तर तो आपल्यातला. ही गोष्ट पहिल्या चार शतकांतल्या एकाही ख्रिस्ती लेखकाने सांगितलेली नाही. वाळूत मासा काढणारी मुलगी १८९६ च्या एका पोलिश कादंबरीत येते आणि तिथून हे चित्र जगभर पसरलं. गाड्यांवरचा कमानींचा मासा त्याहूनही अलीकडचा, १९७० च्या दशकातल्या अमेरिकी युवा-चळवळीने लोकप्रिय केलेला.

मग जुनं काय आहे? दोन गोष्टी जुन्या आहेत. एक, माशाचं चित्र. दुसरी, ग्रीक भाषेत मासा म्हणजे 'इख्थुस' हा शब्द आणि त्याच्या पाच अक्षरांतून उलगडणारं वाक्य:

इओटा: येसूस (येशू)
खी: ख्रिस्तोस (ख्रिस्त, अभिषिक्त)
थीटा: थेऊ (देवाचा)
इप्सिलॉन: हुइओस (पुत्र)
सिग्मा: सोतेर (तारणारा)

'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा.' बहुतेक पुस्तिकांत लिहिलेलं असतं की ही आद्याक्षरं जुळली म्हणून मासा चिन्ह झाला. माझं मत उलटं आहे. मासा आधीच चिन्ह होता, अक्षरांनी त्याला नंतर पक्कं केलं. पुरावे मांडतो.

अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंत इ. स. २०० च्या आसपास ख्रिस्ती माणसाने मुद्रेच्या अंगठीवर काय कोरून घ्यावं याची यादी देतो: कबुतर, मासा, वाऱ्यावर पळणारं गलबत, वीणेसारखं तंतुवाद्य, जहाजाचा नांगर. कोरू नये त्यांत मूर्तींचे चेहरे, तलवार, धनुष्य आणि मद्याचे प्याले. पुढे तो म्हणतो, अंगठीवर मासेमारी करणारा असेल तर प्रेषिताची आणि पाण्यातून वर काढलेल्या लेकरांची आठवण होईल. इथे पाच अक्षरांचा उल्लेखच नाही. आठवण होते ती मासेमाराची आणि पाण्याची, म्हणजे बाप्तिस्म्याची.

त्याच सुमाराला कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुल्यन बाप्तिस्म्यावरच्या लेखात लिहितो की आपण छोटे मासे आहोत, आपल्या 'इख्थुस' येशू ख्रिस्ताप्रमाणे पाण्यातच जन्मतो आणि पाण्यात राहूनच सुरक्षित असतो. बाप्तिस्म्याविरुद्ध शिकवणाऱ्या एका बाईबद्दल तो म्हणतो, छोटे मासे मारायचे तर त्यांना पाण्याबाहेर काढायचं हे तिला नेमकं ठाऊक होतं. लक्षात घ्या, सगळा लेख लॅटिनमध्ये आहे आणि 'छोटे मासे' हा शब्दही लॅटिन. फक्त ख्रिस्तासाठी तो ग्रीक 'इख्थुस' वापरतो. लॅटिनमध्ये 'पिस्किस' हा साधा शब्द असताना ग्रीक शब्द ठेवण्याचं कारण एकच पटतं: त्या शब्दाच्या अक्षरांना तोवर अर्थ चिकटला होता.

म्हणजे २०० च्या आसपास दोन्ही प्रवाह आहेत. पण चित्राला अक्षरांची गरज पडत नव्हती.

---

रानवाट

उत्तम धागा. दोन शंका. पुत्र म्हणजे 'हुइओस' असेल तर पहिलं अक्षर 'ह' हवं ना? 'इ' किंवा 'उ' कसं आलं? आणि मराठीत कुठे इक्थिस, कुठे इख्थस, कुठे इक्थुस दिसतं. बरोबर कोणतं?

---

शिलापट

ग्रीक लिपीत त्या 'ह'साठी स्वतंत्र अक्षर नाही. हस्तलिखितांत नंतरच्या काळात स्वरावर बारीक खूण करू लागले, दगडावर तीही नसे. त्यामुळे 'हुइओस' लिहिताना पहिलं अक्षर इप्सिलॉनच.

उच्चाराच्या बाबतीत देवनागरी रोमन लिपीपेक्षा सोयीची आहे. अभिजात ग्रीकमधला खी म्हणजे आपला महाप्राण 'ख' आणि थीटा म्हणजे 'थ'. रोमन लिपीत दोन-दोन अक्षरं जोडावी लागतात, आपल्याकडे एकेक पुरतं. इप्सिलॉन हा ओठ 'उ'सारखे गोल करून म्हटलेला 'इ'. म्हणून 'इख्थुस' किंवा 'इख्थिस' दोन्ही चालतील. 'इक्थस' मात्र नको, त्यात 'ख'चा 'क' होतो आणि स्वरही जातो.

---

अक्षरजुळारी

आद्याक्षरांच्या बाजूचा सगळ्यात देखणा पुरावा राहिला, तो देतो.

'सिबिलच्या भविष्यवाण्या' नावाचा ग्रीक पद्यसंग्रह आहे. त्याच्या आठव्या भागात २१७ ते २५० या ३४ ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली की शब्द मिळतात: येसूस, ख्रेइस्तोस, थेऊ, हुइओस, सोतेर, स्ताउरोस. शेवटचा शब्द म्हणजे क्रूस. मोजून बघा: ६ + ८ + ४ + ४ + ५ + ७ = ३४.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिन 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या अठराव्या भागात हीच कविता लॅटिन भाषांतरात देतो. त्याच्याकडची प्रत 'सोतेर'पाशी थांबते, म्हणून ओळी २७. तो आनंदाने नोंदवतो की २७ म्हणजे तीनचा घन, ३ × ३ × ३. आता गंमत बघा, ही संख्या जमते ती स्पेलिंगमुळे. 'ख्रिस्तोस' नेहमीच्या लेखनात सात अक्षरांचा: खी, ऱ्हो, इओटा, सिग्मा, टाऊ, ओमिक्रॉन, सिग्मा. कवितेत इओटाच्या आधी एप्सिलॉन (ऱ्हस्व 'ए'चं अक्षर, इप्सिलॉन नव्हे) घालून आठ केलेला आहे. त्या काळात या दोन लेखनांचा उच्चार एकच होत असे, त्यामुळे वाचणाऱ्याला खटकत नव्हतं. सात धरलं तर २६ होतात आणि घन मोडतो.

भाषांतरकर्त्याची अडचणही ऑगस्टिन सांगतो. ओळ ५, १८ आणि १९ या इप्सिलॉनने सुरू होतात. त्या अक्षराने सुरू होणारे सोयीचे लॅटिन शब्द मिळेनात, म्हणून त्या तीन ओळींत आद्याक्षर सोडून द्यावं लागलं. पडताळा घ्यायचा तर 'येसूस'मधलं इप्सिलॉन पाचवं. मग ख्रेइस्तोसची आठ अक्षरं, चौदापर्यंत. 'थेऊ'ची चार पंधरा ते अठरा, त्यातलं शेवटचं इप्सिलॉन म्हणजे अठरावं. 'हुइओस'चं पहिलं म्हणजे एकोणिसावं. तंतोतंत जुळतं.

मग या पाच ग्रीक शब्दांची पहिली अक्षरं जोडली की 'इख्थुस', मासा, असं तो सांगतो आणि अर्थ देतो: या मर्त्य जगाच्या खोल पाण्यात ख्रिस्त पापाशिवाय जिवंत राहू शकला, म्हणून मासा.

---

शिलापट

अक्षरजुळारी, हा प्रतिसाद मूळ लेखातच हवा होता. तुमच्या मुद्द्याला जोडून, फ्रान्समधल्या ऑटून इथे १८३९ मध्ये सापडलेला, पेक्तोरियोस नावाच्या माणसाचा ग्रीक समाधिलेख बघावा. संगमरवराच्या तुकड्यांवर तो कोरलेला आहे आणि पहिल्या पाच ओळींची आद्याक्षरं 'इख्थुस' होतात. शब्दही तेच बोलतात: स्वर्गीय इख्थुसच्या दिव्य वंशा, असं संबोधन, आणि इख्थुस हातात धरून खा, असा आग्रह. म्हणजे आद्याक्षर आहे, तरी कवीच्या मनात पाणी आणि जेवण आहे.

---

पाचूबंदर

जेवणाचा मुद्दा अजून नीट यायला हवा. बाप्तिस्म्याइतकाच तो महत्त्वाचा आहे. पाच भाकरी आणि दोन मासे ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. मत्तय, मार्क, लूक तिथे 'इख्थुस'चं अनेकवचन वापरतात, पण योहान सहाव्या अध्यायात 'ओप्सारिओन' म्हणतो. हा शब्द भाकरीबरोबर खायच्या कालवणासाठीचा, त्यातही माशासाठी. कोळीवाड्यात नुसतं 'म्हावरं' म्हटलं की पाण्यातला जीवही कळतो आणि ताटातलं कालवणही, तसा. पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी निखाऱ्यावर ठेवलेला मासा, एकविसाव्या अध्यायातला, तोही 'ओप्सारिओन'च.

रोममध्ये आपिया रस्त्यावरच्या कालिस्तुस कॅटाकोममध्ये (भुयारी दफनभूमीत), लुसिना म्हणतात त्या भागात, तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं भित्तिचित्र आहे. मासा, त्याच्यापुढे भाकरींची टोपली आणि टोपलीच्या विणीतून दिसणारा लाल रंग, म्हणजे द्राक्षारसाचा काचेचा पेला. मासा, भाकरी, द्राक्षारस एका चौकटीत. एकही अक्षर नाही.

---

शिलापट

बरोबर. आणि आबेर्किओसचा लेखही याच बाजूला. फ्रिजियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) हिएरोपोलिसचा हा माणूस वयाच्या ७२व्या वर्षी स्वतःचा समाधिलेख लिहून घेतो. त्यात तो म्हणतो, श्रद्धा सगळीकडे माझ्यापुढे चालली आणि तिने झऱ्यातला मासा, मोठा, निर्मळ, शुद्ध कुमारीने धरलेला, माझ्यापुढे अन्न म्हणून ठेवला, आणि भाकरीबरोबर मिसळलेला द्राक्षारस दिला. काळ कसा ठरतो? अलेक्झांडर नावाच्या दुसऱ्या माणसाच्या दगडावर या लेखातल्या ओळी उचललेल्या आहेत आणि त्या दगडावर २१६ साल बसतं. म्हणजे आबेर्किओसचा त्याआधीचा. विल्यम रॅमसे यांना तुकडे १८८३ मध्ये मिळाले, आता ते व्हॅटिकनमध्ये आहेत.

---

रानवाट

मग 'गुप्त खूण' ही कल्पना पूर्ण टाकून द्यायची का? छळ तर झालाच होता.

---

शिलापट

छळ झाला, पण सलग तीनशे वर्षं नाही. लाटा आल्या, काही शहरांपुरत्या, काही साम्राज्यभर. आणि मासा कोरला जात होता तो थडग्याच्या दगडावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. लपवायची खूण कोणी दगडात खोदत नाही.

लिसिनिया आमियास हिचा दगड घ्या, व्हॅटिकन टेकडीच्या दफनभूमीतला, आता रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात. वरून खाली वाचू. सगळ्यात वर दोन लॅटिन अक्षरं, 'मृतांच्या देवतांना' या नेहमीच्या रोमन मजकुराची आद्याक्षरं, मध्ये पानाफुलांचं कडं. त्याखाली ग्रीकमध्ये 'इख्थुस झोन्तोन', जिवंतांचा मासा. त्याखाली दोन मासे आणि मध्ये नांगर. मग पुन्हा लॅटिन, तिचं नाव आणि 'योग्य स्त्रीला' असा मजकूर. एकाच दगडावर रोमन रीत, ग्रीक शब्द, चित्र आणि लॅटिन नाव.

कॅटाकोम ही लपायची जागा होती हाही गैरसमज. २५७ मध्ये सम्राट वालेरियनने ख्रिस्ती लोकांना दफनभूमीत जमायला बंदी घातली. प्रशासनाला ठिकाणं ठाऊक होती म्हणूनच बंदी घालता आली.

---

रानवाट

पटलं. अजून एक विचारतो, कारण प्रत्येक चर्चेत निघतं. मत्स्यावताराशी संबंध? आणि मीन राशीचं युग वगैरे?

---

अक्षरजुळारी

मनूची नौका ओढणारा मासा शतपथ ब्राह्मणात आहे आणि तो तारणारा आहे, हे साम्य खरं. पण साम्य म्हणजे उगम नव्हे. मधली एकही कडी दाखवता येत नाही. शिवाय रचना वेगळी आहे. मनूच्या कथेत मासा एकच, आणि तो तारून नेतो. तेर्तुल्यनच्या वाक्यात ख्रिस्तही मासा आणि बाप्तिस्मा घेतलेले सगळे छोटे मासे. ही जोडी मत्स्यकथेत नाही. मीन राशीचं म्हणाल तर वर ज्यांची वाक्यं आली त्यांच्यापैकी कोणीही माशाचा अर्थ सांगताना राशीचं नाव काढत नाही.

---

कंपास

इफेससच्या चाकाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. तुर्कस्तानातल्या इफेससच्या अवशेषांत संगमरवरावर आठ आऱ्यांचं वर्तुळ कोरलेलं दाखवतात आणि त्यात पाचही अक्षरं एकावर एक आहेत असं सांगतात. हे कसं बसतं ते कागदावर काढूनच कळतं.

१० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा.
उभा व्यास: इओटा झाला.
४५ अंशांवर दोन तिरके व्यास: गुणिलेची फुली, म्हणजे खी.
आडवा व्यास: वर्तुळ अधिक आडवी रेघ म्हणजे थीटा.
इप्सिलॉनला नवी रेघ लागत नाही. फुलीचे वरचे दोन हात आणि उभ्या व्यासाचा खालचा अर्धा भाग घेतला की गलोलीच्या बेचकीसारखं अक्षर तयार.
सिग्मालाही लागत नाही. त्या काळी दगडावर सिग्मा चंद्रकोरीसारखा, उजवीकडे उघडा लिहीत. वर्तुळाची डावी कड म्हणजे तोच.

एक वर्तुळ, चार व्यास, पाच अक्षरं. आऱ्यांच्या टोकांमधलं सरळ अंतर ७.६५ सेंटिमीटर यायला हवं. ते आठही ठिकाणी सारखं नसेल तर कोन चुकला आहे.

चुका दोन होतात. आडवा व्यास विसरला तर सहा आऱ्या राहतात आणि ते वेगळं चिन्ह होतं: इओटा आणि खी, म्हणजे फक्त 'येसूस ख्रिस्तोस'. दुसरी चूक गंभीर आहे. आठ आऱ्यांचं दिसेल ते वर्तुळ इख्थुस समजणं. रोमन शहरांत फरसबंदीवर आणि पायऱ्यांवर अशी वर्तुळं ठिकठिकाणी खरवडलेली आहेत आणि त्यांतली अनेक सोंगट्यांच्या खेळाचे पट मानली जातात. दगड आडवा, बसण्याउठण्याच्या जागी, शेजारी लेख नाही, आणि केंद्रात किंवा आऱ्यांच्या टोकांना सोंगटी ठेवायचे खळगे असतील तर आधी खेळाचा पट धरावा. शेजारी क्रूस किंवा ख्रिस्ती मजकूर असेल तरच अक्षरांचा विचार करावा.

कमानींच्या माशाचीही रचना देऊन ठेवतो. ५ सेंटिमीटर त्रिज्येची दोन वर्तुळं, केंद्रांत ५ सेंटिमीटर अंतर. मधला भाग ८.६६ लांब आणि ५ रुंद येतो. एका छेदबिंदूच्या पुढे दोन्ही कमानी साधारण २ सेंटिमीटर वाढवल्या की शेपूट. सुबक आहे, पण प्राचीन नाही. कॅटाकोममधल्या माशांना सहसा डोळा, कल्ले आणि पर असतात.

---

शिलापट

खेळाच्या पटाचा इशारा फार मोलाचा. याच्या उलट, निर्विवाद ख्रिस्ती जागी अक्षरांशिवाय मासे कसे दिसतात याचं उदाहरण इस्राएलमधल्या मेगिद्दोचं. तिथल्या तुरुंगाच्या आवारात २००५ मध्ये तिसऱ्या शतकातली मोझेइकची जमीन सापडली. आकेप्तूस नावाच्या स्त्रीने 'देव येशू ख्रिस्ताला' मेज अर्पण केल्याचा ग्रीक लेख त्यात आहे, आणि दुसऱ्या चौकटीत मधोमध दोन मासे. 'इख्थुस' हा शब्द नाही. मेज आहे आणि मासे आहेत. पाचूबंदर यांच्या जेवणाच्या मुद्द्याला यापेक्षा चांगली साक्ष मिळणार नाही.

---

पाचूबंदर

मेगिद्दोच्या लेखात देव, येशू, ख्रिस्त हे शब्द आखूड करून वर आडवी रेघ दिली आहे. पवित्र नावं अशी आखडण्याची रीत ख्रिस्ती लेखनिकांत फार लवकर रूढ झाली. तिचाच एक वंशज आपल्या डोळ्यासमोर आहे. जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस चर्च, १६०५ मध्ये अभिषेक झालेलं, त्याच्या दर्शनी भिंतीच्या माथ्यावर तीन अक्षरं कोरलेली आहेत. येशूसंघाची, म्हणजे जेझुइट पाद्र्यांच्या संघाची, हीच मुद्रा. ती रोमन 'आय, एच, एस' वाचली जातात आणि लॅटिनमध्ये 'येशू, मानवांचा तारक' असा अर्थ सांगतात. तो अर्थ मागाहून बसवलेला. मुळात ती 'येसूस'ची पहिली तीन ग्रीक अक्षरं: इओटा, ईटा, सिग्मा. मधला 'एच' दिसणारा म्हणजे दीर्घ 'ए'चं अक्षर ईटा. इख्थुसमध्ये शब्दाची अक्षरं फुटून वाक्य झालं, इथे नावाच्या अक्षरांवर नंतर वाक्य लादलं गेलं.

आता कामाचा प्रश्न. बाप्तिस्मा-कुंडाच्या कठड्यावर ६० × २० सेंटिमीटरची संगमरवरी पाटी बसवायची आहे, तिच्यावर फक्त 'इख्थुस' ग्रीकमध्ये. कारागीर संगणकावरून छापलेल्या नमुन्यावरून कोरतो. काय सांभाळावं?

---

कंपास

छापील नमुन्यातच घोळ होतो. बाजारातल्या अनेक स्टिकरांवर थीटाची आडवी रेघ गळून नुसतं वर्तुळ राहतं, म्हणजे ओमिक्रॉन. आणि छापील मोठा सिग्मा परका वाटल्याने त्याच्या जागी रोमन 'ई' बसवतात. मग पाचांतली दोन अक्षरं चुकतात, देव आणि तारणारा दोन्ही गायब. हे टाळायला सिग्मा चंद्रकोरीचाच घ्या. तो जुन्या दगडांशी जुळतो आणि त्याची 'ई' करता येत नाही.

माप असं धरा. अक्षरांची उंची ८ सेंटिमीटर. रुंदी इओटा १.५, खी ७, थीटा ८, इप्सिलॉन ७, सिग्मा ६, एकूण २९.५. मधल्या चार फटी चार-चार सेंटिमीटर, म्हणजे १६. सगळं मिळून ४५.५, दोन्ही बाजूंना सव्वासात-सव्वासात उरतात. वर-खाली सहा-सहा. मात्र इओटाच्या बाजूची फट डोळ्याला मोठी वाटते, कारण तो नुसता दांडा आहे आणि शेजारच्या फुलीचं पोट आत गेलेलं. ती फट साडेतीनवर आणा आणि वाचलेला अर्धा सेंटिमीटर कडांना वाटून द्या.

खाच इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची, थीटाची आतली रेघ बाहेरच्या वर्तुळाइतकीच खोल. कारागीर ती रेघ बारीक म्हणून उथळ घेतो. कुंडाशेजारी पाणी उडत राहतं, क्षार साचतात, आधी ती उथळ रेघ बुजते आणि थीटाचा ओमिक्रॉन होतो. रेघ दोन्ही बाजूंना वर्तुळाला भिडवली तरी चालतं.

कोरण्याआधी कागदी नमुना दगडावर चिकटवून डावीकडून उजवीकडे पाचही अक्षरं एकदा मोठ्याने वाचून घ्या. नमुना उलटा चिकटला तरी इओटा, खी, थीटा आणि इप्सिलॉन तसेच दिसतात, आरशातही बदलत नाहीत. चूक कळते ती फक्त क्रमावरून आणि सिग्माच्या उघड्या तोंडावरून. ते तोंड उजवीकडेच असायला हवं.

---

पाचूबंदर

आरशाचं लक्षातच आलं नव्हतं. नमुन्याच्या वरच्या कडेला बाण आणि सिग्माजवळ 'तोंड उजवीकडे' असं लिहूनच देतो. आभार.